मुदतीआधीची फेड

पालघर, ८ मे १९६६

ती. काशीआत्या,

कार्डावर जागा कमी, म्हणून साष्टांग नमस्कार खाली कोपऱ्यात घातला आहे. तो आधी वाचावा.

पत्रास कारण आनंदाचे आहे. घरासाठी तू दिलेले पैसे गहाणखताप्रमाणे १९७२ पर्यंत फेडायचे आहेत. मी ते वर्षभराच्या आतच फेडून घर मोकळे करणार. परवा गिरणीत मालकांनी चारचौघांत विचारले, "काय सावे, आत्याच्या घरात बरे आहात ना?" सगळे हसले. मी हसलो नाही.

पगार वाढायचा नाही, तेव्हा खर्च उतरवायचा. व्यसन नाही, कपडा वर्षातून एकदा. राहता राहिले जळण आणि वीज. रॉकेल, लाकूड, कोळसा आणि विजेचे बिल मिळून पगाराचा आठवा हिस्सा आम्ही चक्क जाळून टाकतो! आजपासून दोन खोल्यांत मिळून एकच पंचवीसचा बल्ब, मधल्या दारात टांगलेला. सातला लागेल, नऊला विझेल. चहा दोनदाच. इस्त्री बंद. तारापूरची अणुवीज आली की दर कोसळतील असे ऐकतो, तेव्हा सगळे कपडे एकदम करू. मीटर मी रोज सकाळी स्वतः वाचतो. मंदाचा पूर्ण पाठिंबा आहे. चि. सुलू चौथीत गेली.

तुझा कृष्णकांत


चिंचणी, १७ मे १९६६

चि. कृष्णकांत यास आशीर्वाद.

नमस्कार सापडला. शाईचा डाग समजून पुसायला निघाले होते.

तुझं कार्ड माझ्या हाती येण्याआधी चिंचणीने वाचलं. आमच्या आळीचं टपाल दादूच्या दुकानावर ठेवून जातात. दादू गूळ तोलता तोलता कार्डं मोठ्याने वाचतो आणि गिऱ्हाइकं माना डोलावतात. मी मीठ आणायला गेले तर सुकाची बायको म्हणते, "काशीबाय, भाचा पैशे फेडते म्हणं तुमचे?" घरी येते तर ओटीवर शांतारामभावजी. माझा हा धाकटा दीर एकाच अंगणात समोर राहतो, तेव्हा आले यात नवल नाही. पण या वेळी पाणीसुद्धा न मागता बसून राहिले आणि म्हणाले, "वैनी, कृष्णा लई गुणाचा पोर हाय." इतकी वर्षं त्यांना तुझं नावही धड आठवत नव्हतं.

तेव्हा यापुढे पाकिटातून लिही. आणि पैशांची घाई करू नकोस. मुदत बहात्तरपर्यंत आहे, तोवर मी कुठे जात नाही. पंचवीसच्या बल्बाखाली पोरीचे डोळे गेले तर ते कशाने फेडशील?

आत्या


पालघर, ५ जून १९६६

ती. आत्या, सा. न.

पाकिटाच्या किमतीत दोन कार्डं येतात, म्हणून पाकिटाऐवजी अक्षर बारीक काढले आहे. दादूला चाळिशी लागली आहे, त्याला हे वाचता येणार नाही.

मे महिन्याचे वीजबिल निम्म्याच्या जवळ आले. आता लाकूड आणि कोळसा पूर्ण बंद करीत आहे. मी जिथे हिशेब लिहितो त्या भाताच्या गिरणीमागे तुसाचा डोंगर पडला आहे, फुकट. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती तूस ठासून भरायचे, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचे. तीन तास शेगडी जळते. भात अर्धा शिजला की पातेले पेंढ्याच्या खोक्यात बंद करायचे, उरलेला आपोआप शिजतो. आंघोळीचे पाणी उन्हात. मीटर अंधाऱ्या कोपऱ्यात असल्याने वाचनासाठी एक टॉर्च घेतली. मंदा समाधानी आहे.

जुनी शिल्लक धरून पाचशे हाताशी आहेत. श्रावणात आणतो. शांतारामकाकांचे आपुलकीचे पत्र आले. "कधी येतोस" असे दोनदा विचारले आहे. त्यांना माझा इतका लळा आहे हे ठाऊक नव्हते.

कृष्णकांत


चिंचणी, २२ जुलै १९६६

चि. कृष्णकांत,

यंदा श्रावण अधिक आहे. अधिकात जुना हिशेब मिटवू नये. कोणी सांगितलं म्हणून विचारू नकोस, मी सांगते. त्यानंतर खरा श्रावण, त्यात सण. भाद्रपदात गणपती, मग पितृपक्ष. तेव्हा यंदा राहूच दे.

दादूला तुझं अक्षर लागलं नाही हे खरं. त्याने ते कार्ड शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं. आता मास्तरही विचारतात.

भावजींच्या लळ्याचं सांगते. तारापूरला अणुवीज केंद्राच्या कामावर गोरे साहेब आलेत. त्यांच्या मडमा बोईसरच्या बाजारात अंडी विचारत फिरताना भावजींनी पाहिल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात कोंबड्या शिरल्या आहेत. दोनशे विलायती पांढऱ्या कोंबड्या, पत्र्याचं छप्पर, जाळीची खुराडी. "एक साहेब रोज तीन अंडी, मडम दोन," असं पुटपुटत अंगणात फेऱ्या घालतात. कंत्राटदारांच्या माणसांत बसून हिंदीही उचललीय. काल आमच्या गावठी कोंबडीला म्हणाले, "चलो हटो, तुमारा जमाना गया." कोंबडी हटली नाही.

असो. तुसाच्या धुराला जपा.

आत्या


पालघर, १८ ऑगस्ट १९६६

ती. आत्यांस मंदाचा वाकून नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पाकीट भाजीच्या पैशांतून घेतलं. "मंदाचा पाठिंबा", "मंदा समाधानी" असं हे तुम्हाला लिहितात ते मला ठाऊक आहे, कारण कार्ड पेटीत टाकायला मीच जाते.

गेल्या मंगळवारी काय झालं ते सांगते. पावसाने तूस दमट झालेलं. शेगडी पेटवली ती पेटेना, नुसती धुमसायला लागली. खोली भरली, ओटी भरली, धूर कौलांतून वर निघाला. शेजारच्या वसुमतीबाईंनी तो बघून "आग, आग" म्हणून गल्ली गोळा केली. मी खोकत होते, मला "आग नाही" म्हणताच येईना. चार माणसं छपरावर चढली, कौलं काढली आणि वरून घागरींवर घागरी ओतल्या. शेगडी विझली, भात वाहून गेला, गाद्या अजून ओल्या आहेत. हे गिरणीतून धावत आले. मला वाटलं, आता विचारतील, तू बरी आहेस ना. दारातूनच म्हणाले, "मीटर भिजलं नाही ना?"

आणि त्या टॉर्चला महिन्यातून दोनदा सेल लागतात. ते हिशेबात धरा म्हटलं, तर म्हणाले, "ते साधन आहे, खर्च नव्हे."

सुलू संध्याकाळी अभ्यासाला वसुमतीबाईंकडे जाते. तिथे मैत्रीण आहे असं यांना सांगितलंय. तिथे मैत्रीण नाही, साठचा बल्ब आहे.

मीही काही गरीब गाय नाही, आत्या. हे गिरणीत गेले की मी तिसरा चहा करते आणि रेडिओवर बायकांचा कार्यक्रम ऐकते. सकाळी मीटर पुढे गेलेलं दिसलं की हे कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "यंत्रात दोष आहे." मग मी म्हणते, "असेल बाई."

पण हे किती दिवस चालायचं? पदर पसरून मागते, पैसे लवकर घेऊन टाका. घर सुटलं की दिवे लागतील. तुम्ही नाही म्हटलंत की हे आणखी एक वाट शोधून काढतात. आता सायकल विकायचं चाललंय.

मंदा


पालघर, २ नोव्हेंबर १९६६
(रजिस्टर)

श्रीमती काशीबाई यांस,

गेल्या रविवारी मी बोईसरहून पहिल्या बसने चिंचणीस आलो. फेडीची उरलेली सगळी रक्कम रुमालात बांधलेली होती. ओटीवर श्री. शांतारामकाका होते. त्यांनी मला कडकडून मिठी मारली व रुमाल स्वतः सोडू लागले. तेव्हा आपण त्यांच्या देखत मोठ्याने म्हणालात, "मला मुद्दल नको. मी व्याजावर जगते. मुदत संपेपर्यंत मुदलाचा एक पैसा आणलास तर माझी पायरी चढू नकोस."

माझी आत्या व्याजासाठी भाच्याला पायरी बंद करील, हे कोणी सांगितले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो. ही रक्कम जमवायला मी सायकल विकली. ऑगस्टपासून गिरणीत पायी जातो. दिवाळीचा बोनस घरात दाखवला नाही.

आपण जेवून जाण्याचा आग्रह केलात. मी जेवलो नाही. बसमध्ये भूक लागली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

काल मी वकिलांना भेटलो. मुदतीआधी पैसे स्वीकारण्यास आपण कायद्याने बांधील नाही, असे त्यांनी सांगितले. एवढे सांगण्याची त्यांनी जी फी घेतली, तिच्यात माझे चार महिन्यांचे वीजबिल भागले असते.

यापुढे व्याज मनीऑर्डरने येईल.

आपला ऋणको,
कृष्णकांत सावे


चिंचणी, ९ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. मंदा हिस आशीर्वाद.

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायची लाज वाटत होती. आता तुझ्या नवऱ्याने मला "श्रीमती" केलंय, तेव्हा लाज बाजूला ठेवते.

मला व्याज नको गं. मला कारण हवंय.

शांतारामभावजींचे धंदे तू ऐकलेले नसशील. पहिला बर्फाचा. दांडीच्या कोळ्यांना मासे ठेवायला बर्फ लागतो, म्हणून बोईसर स्टेशनवरून बैलगाडीने आणायला सुरुवात केली. गाडी दांडीला पोचेपर्यंत भुसा तेवढा थंड राहायचा. मग सोडावॉटरचं मशीन घेतलं. मे महिन्यात बाटल्या अशा फुटल्या की शेजाऱ्यांना वाटलं, कोणाची तरी वरात आली. दोन्ही वेळेला पैसे माझे होते. दोन्ही वेळेला ते माझ्यासमोर बसून रडले आणि दोन्ही वेळेला मीच त्यांची समजूत काढली.

माझ्याकडे रोकड आली की ते मागणार. आणि त्यांनी मागितलं की माझ्याने नाही म्हणवत नाही. माझे यजमान शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा भर पावसात गाडी चिखलात रुतली, तर याच माणसाने भावाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत नेलं. माणूस वाईट असता तर सोपं होतं.

म्हणून चार वर्षं मी एकच सांगत आलेय, पैसे कृष्णाच्या घरात अडकलेत, मी काय करू? तुमचं घर म्हणजे माझं कुलूप आहे. आणि तुझा नवरा ते रोज एकेक युनिटने उघडतोय.

त्या दिवशी रुमालाची गाठ सुटताना मी भावजींचे डोळे पाहिले. त्यांत दोनशे कोंबड्या दिसल्या मला. मग तोंडाला येईल ते बोलून गेले. तो उपाशी गेला. मीही जेवले नाही.

हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव.

आत्या


पालघर, ११ डिसेंबर १९६६

ती. आत्यांस सप्रेम नमस्कार.

मी तुमचं पत्रच यांच्या हातात दिलं. यांनी ते दोनदा वाचलं. मग टोपी घालून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. अर्ध्या तासाने परत आले ते पोस्टातून पाकिटं घेऊन. नऊ पाकिटं, आत्या, एकदम! टेबलाशी बसले, एका पाकिटावर तुमचा पत्ता लिहिला आणि पुढे काय लिहावं ते सुचेना म्हणून बसून राहिले. रोज संध्याकाळी असंच. तेवढ्यात गेल्या सोमवारी दार वाजलं. उघडते तर शांतारामकाका, हातात पिशवी.

म्हणाले, "कृष्णा, वैनीचं मनावर नको घेऊ. तुला परत यायला लाज वाटते ना? पैशे माझ्याकडं दे, मी नेतो."

हे पांढरेफटक पडले. तुम्हाला ठाऊक आहे, यांना खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले तर उचकी लागते. काका म्हणाले, "किती जमलंय?" हे म्हणाले, "ते मी सांगणार नाही." आणि उचकी न लागता गप्प बसले. काकांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

मी म्हटलं, "काका, आलात तसे दोन दिवस राहा की." हे माझ्याकडे बघतच राहिले.

आत्या, यांचे सगळे नियम मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच प्रामाणिकपणे पाळले. आधी संध्याकाळ झाली. काका अंधारात बसले होते. "बल्ब गेला काय?"

"नाही," हे म्हणाले. "सातला लागतो."

सातला लागला. काकांनी वर बघितलं. "लागला काय?"

जेवायला पेंढ्याच्या खोक्यातला भात वाढला. थंडीत तो नीट शिजत नाही, वरचा मऊ आणि आतला कडक राहतो. काकांनी एक घास बराच वेळ चावला आणि म्हणाले, "रोज हाच काय रे?" हे अभिमानाने म्हणाले, "जून महिन्यापासून." नऊला दिवा गेला. काका पाणी प्यायला उठले आणि मधल्या दाराच्या चौकटीवर आपटले. सकाळी आंघोळीला उन्हातलं पाणी दिलं, पण ऊन यायच्या आधी. न्हाणीतून असा आवाज आला की सुलू घाबरून बाहेर पळाली. चहा मागितला, तेव्हा यांनीच सांगितलं, "सकाळचा झाला काका, आता संध्याकाळी."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरताना काका डोळे पुसत होते. सुलूच्या हातात चार आणे ठेवले. जाताना मला हळूच म्हणाले, "पोरी, मला ठावं नव्हतं."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तिकडे जाऊन काय म्हणाले ते कळवा.

मंदा


चिंचणी, २१ डिसेंबर १९६६

चि. कृष्णकांत आणि मंदा यांस आशीर्वाद.

काय म्हणाले ते अख्ख्या चिंचणीला कळलंय, तुम्हालाही कळवते.

भावजी बसमधून उतरले ते थेट दादूच्या दुकानावर. तिथे म्हणाले, "कृष्णाचं काय खरं नाय. पोर बुडलाय. घरात उजेड नाय, चुलीत लाकूड नाय, तांदूळ कच्चाच खातात. आन वर हसून बोलतो माज्याशी." दादूने गूळ तोलायचं थांबवलं म्हणतात. मग माझ्याकडे आले. ओटीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमचे पैशे गेले समजा. आन त्या गरिबाकडं आता व्याज नका मागू. तुमाला काय कमी पडलं तर मी हाय."

कोंबड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. उलट आपल्या दोन अंड्यावरच्या कोंबड्या उद्याच्या बसने तुमच्याकडे पाठवताहेत, सुलूसाठी. पाय बांधून, खोक्यात. उतरवून घ्या.

माझं कुलूप पुन्हा लागलं. आता दहा वर्षं मला कोणी पैसे मागायचं नाही. पण झोप मात्र काही नीट लागत नाही.

आत्या


पालघर, ३ जानेवारी १९६७

ती. आत्या, साष्टांग नमस्कार. पहिल्याच ओळीत. पाकिटात जागा आहे.

२ नोव्हेंबरचे पत्र फाडून टाक. "ऋणको" हा शब्द विशेष करून.

मी तुला लोभी समजलो. तू तसे का बोललीस हे विचारायला मला बस परवडत होती, रजिस्टर टपाल परवडत होते, वकीलही परवडला. एक साधा प्रश्न तेवढा परवडला नाही. पाकिटे आणून महिना झाला, ही ओळ लिहिता येत नव्हती.

माझी अवस्था ऐक. परवा बोईसर स्टेशनवर चिंचणीचे एक गृहस्थ भेटले. मला ओळखत होते, मी त्यांना नाही. मी खिडकीशी पैसे काढीत असताना त्यांनी माझा हात धरला आणि माझे तिकीट स्वतः काढले. "असू दे, असू दे," म्हणत होते. माझ्या खिशात तेव्हा तुला द्यायचे नऊशे रुपये होते! दादूने गिरणीच्या पत्त्यावर गुळाची ढेप पाठवली. मालकांनी सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचली, "गरजूस." आत्याच्या घरात राहतो म्हणून हसले होते, आता हसतही नाहीत. माझ्याशी हळू आवाजात बोलतात. हे फार वाईट आहे. पण खरे सांगितले तर तुझे कुलूप जाते, म्हणून गूळ घेतला आणि आभार मानले.

दुसरे सांगायचे ते अधिक अवघड आहे. सुलूला आणायला मी वसुमतीबाईंकडे गेलो. दारातून पाहिले, तर पोर दिव्याखाली पुस्तक धरून बसली होती. धरलेही कसे, हात सरळ करून, लांब. आमच्याकडे ती नाकाला लावून वाचते. मला वाटे, तिची ती सवयच आहे. मी तिथेच उभा राहिलो. मग हिशेब सुचला. आठ महिने मी जे युनिट वाचवले असे समजत होतो, ते बाईंच्या मीटरवर चढत होते. मी त्यांना पैसे द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरीच्या अभ्यासाचे पैसे घेऊ? जा घरी." त्याच पावली जाऊन साठचे दोन बल्ब आणले. नियम सगळे रद्द केले. मंदाने त्याच दिवशी तिसऱ्या चहाची कबुली दिली. मीटरमध्ये दोष नव्हता तर.

मंदाने आणखी एक दाखवून दिले. आठ महिन्यांत जळणातून आणि विजेतून खरे वाचले ते सत्तर रुपये. त्यातून सेल, भिजलेल्या गाद्या आणि वकील वजा जाता आम्ही पंधरा रुपयांनी खाली आहोत. फेडीचे पैसे आले ते शिलकीतून, बोनसातून आणि सायकलीतून.

आता एक सुचवतो. तू मंदाला भेटायला म्हणून ये. कचेरीत जाऊन गहाणखताची फेड नोंदवू, आणि पैसे इथल्या बँकेत तुझ्या नावाने पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाकू. कोणी मागितले तर "मुदतीत अडकलेत" असे सांग. ते खरेच असेल, मलाही उचकी लागणार नाही.

कोंबड्या पोचल्या. एक पेंढ्याच्या खोक्यात बसते.

तुझा कृष्णकांत


चिंचणी, १९ फेब्रुवारी १९६७

चि. कृष्णकांत आणि मंदा यांस अनेक आशीर्वाद.

कचेरीतून आल्यावर मंदाने केलेलं जेवण अजून आठवतं. भात आतपर्यंत शिजलेला होता. कृष्णा, तू सुटलेला कागद हातात घेऊन घराकडे बघत उभा राहिलास, तेव्हा मला माझा भाऊ आठवला. त्याचा जन्म भाड्याच्या खोलीत गेला. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

पुढचं ऐका. मी इथे परतले आणि ठरवलं होतं, की तोंड मिटून बसायचं. मुदतीत अडकलेत, संपलं. बुधवारी दुपारी मी पान वाढून घेत होते, तर भावजी आले आणि माझ्या पुढ्यात चाळीस रुपये ठेवले.

म्हटलं, "हे काय?"

"सोड्याचं मशीन विकलं. बोईसरच्या एका हॉटेलवाल्याला. कृष्णाला पाठवा. मी दिले म्हणून नका सांगू, त्याला लाज वाटंल."

माझा घास हातातच राहिला. ते मशीन गेली सात वर्षं ते दर दसऱ्याला पुसून झेंडू घालत होते.

मग मी सगळं सांगितलं. कृष्णा बुडालेला नाही, त्याने पै न् पै फेडली, घर सुटलं, पैसे बँकेत आहेत, आणि चार वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलत आले. पैसे अडकलेले नव्हते, मीच अडकवून ठेवले होते. तुम्ही मागाल म्हणून.

भावजींनी तोंड अंगणाकडे वळवलं. मला वाटलं, आता उठतील आणि या ओटीवर परत पाय ठेवायचे नाहीत.

मग म्हणाले, "वैनी, माज्या तोंडावर नाय म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं?"

मी म्हटलं, "तुम्ही रडला असतात."

त्यांनी जरा विचार केला. "हा. रडलो असतो," म्हणाले. "आन मग जेवलो असतो."

मी उठून त्यांचं पान मांडलं. दोनदा भात घेऊन जेवले. रडले नाहीत. ते काम मलाच करावं लागलं.

तुमची आत्या